बारीपाडा: जंगल राखलं, पण मधल्या वर्षांत खाल्लं काय?

धुळे जिल्ह्यातलं बारीपाडा आता महाराष्ट्राला नवं नाही. साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढं, गुजरातच्या डांगच्या हद्दीजवळ डोंगरात वसलेला हा शंभरेक घरांचा पाडा. वस्ती बहुतेक कोकणा आदिवासींची. गावानं सुमारे ४४५ हेक्टर, म्हणजे अकराशे एकर जंगल राखलं. २००३ साली आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीचा पुरस्कार मिळाला. ज्यांच्या पुढाकारानं हे घडलं त्या चैत्राम पवारांना राज्य शासनाचा पहिला वनभूषण पुरस्कार आणि २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

यशोगाथा म्हणून ही हकिगत इतक्यांदा सांगून झाली आहे की तिचे खाचखळगे गुळगुळीत झालेत. गावानं जंगल राखलं, विहिरींना पाणी आलं, गाव सावरलं, अशी ती एका दमात सांगितली जाते. त्या वाक्यातल्या स्वल्पविरामांच्या जागी मात्र वर्षं आहेत. कुऱ्हाडबंदी ठरते त्याच दिवशी लागू होते. विहिरीला पाणी यायला काही पावसाळे जावे लागतात. त्या मधल्या काळात ज्याचं घर लाकडावर किंवा दारूच्या भट्टीवर चालत होतं, त्यानं काय खायचं? पर्यायी उपजीविका हा शब्द सरकारी आणि संस्थांच्या कागदांत फार सहज येतो. त्याची खरी परीक्षा याच वर्षांत होते, म्हणून इथं बारीपाड्याकडं मुख्यतः याच अंगानं पाहिलं आहे.

आधीची स्थिती

साक्रीचा पूर्व भाग कोरडा, पश्चिमेकडचा डोंगराळ भाग त्या मानानं बऱ्या पावसाचा. पण पाऊस पडणं आणि पाणी असणं यांत फरक आहे. खाली काळा पाषाण, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. झाडोरा गेला की पावसाळ्यात ओढे धो धो वाहतात आणि होळीपर्यंत विहिरी तळ दाखवतात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बारीपाड्याची गत अशीच होती. डोंगर उघडा, बायांची पाण्यासाठी वणवण, एका पिकापुरती शेती.

रोख पैसा दोन-तीन वाटांनी यायचा. एक, जंगलातून तोडलेलं लाकूड. दुसरी, मोहाच्या फुलांची दारू. फुलं चैत्राच्या आसपास गळतात. ती वेचून वाळवून ठेवली की वर्षभर भट्टी लावता येते आणि भट्टीला लाकूड लागतं ते डोंगरातलंच. म्हणजे मोहाचं झाड उभं राहायचं आणि त्याच्या फुलांसाठी आजूबाजूची झाडं जळायची. तिसरी वाट गाव सोडण्याची. साक्री, नवापूर आणि नंदुरबारकडच्या आदिवासी घरांतून दिवाळीनंतर टोळ्या दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला जातात. मुकादम आधी उचल देतो, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो आणि ते जोडपं उन्हाळ्यापर्यंत परतत नाही. पोरं बरोबर गेली की शाळा सुटली.

हे तपशील लक्षात ठेवायला हवेत, कारण पर्याय यांतल्या प्रत्येक वाटेला द्यायचा होता. एका शिलाई मशीननं किंवा दोन शेळ्यांनी हे तिन्ही सुटत नाही.

नियम आधी आले

१९९० मध्ये केंद्रानं संयुक्त वन व्यवस्थापनाचं परिपत्रक काढलं आणि मार्च १९९२ मध्ये महाराष्ट्राचा शासननिर्णय आला. गावाच्या समितीनं वनखात्याबरोबर जंगल राखायचं आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा, अशी ती मांडणी. राज्यभर अशा समित्या झाल्या. बऱ्याच ठिकाणी त्या फलकावरच राहिल्या.

बारीपाड्यात तसं झालं नाही, याची दोन कारणं मला दिसतात. पहिलं म्हणजे चैत्राम पवार. एम.कॉम. झालेला गावातलाच तरुण नोकरीकडं न वळता पाड्यावर राहिला. रा. स्व. संघाशी संलग्न वनवासी कल्याण आश्रमाचं आणि त्याचे कार्यकर्ते डॉ. आनंद फाटकांचं पाठबळ त्याला मिळालं. आश्रमाच्या वैचारिक भूमिकेशी सगळ्यांचं पटेल असं नाही, आदिवासी चळवळीतल्या अनेकांचं तर मुळीच पटत नाही. पण बाहेरच्या माणसानं आठवड्यातून एकदा जीपमधून येऊन बैठक घेणं वेगळं आणि रोज त्याच पाणवठ्यावर भेटणाऱ्या माणसानं ‘लाकूड तोडू नको’ म्हणणं वेगळं. या रोज भेटणाऱ्याला नकार देणं अवघड जातं.

दुसरं कारण गावकीचं. झाड तोडलं तर दंड, भट्टी लावली तर दंड, चराईला बंदी, असे नियम गावानं स्वतः बसून ठरवले. पुढं त्यांत शाळाही आली: मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड, मास्तर आला नाही तर मास्तरलाही. मास्तरला दंड करणारा पाडा विरळाच!

सामूहिक नियम ही या तालुक्यात नवी गोष्टही नव्हती. याच साक्रीतून वाहणाऱ्या पांझरेवर तीन-चारशे वर्षांची फड पद्धत होती. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात त्या वर्षी सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी वाटायला पाटकरी, राखणीला जागल्या आणि पाट साफ करायला घरटी माणूस. डोंगरातल्या आदिवासी पाड्याचा आणि नदीकाठच्या शेतकऱ्यांच्या फडाचा थेट संबंध जोडता येणार नाही. तरी ‘सगळ्यांचं ते कुणाचंच नाही’ हे वाक्य या भागात किती खोटं आहे, ते फडानं केव्हाच दाखवलं होतं.

नियमांबरोबर अंगमेहनत आली. डोंगरउतारावर सलग समतल चर, ओढ्यांवर दगडी बांध, बरंचसं श्रमदानातून. धावतं पाणी थांबवायचं, थांबलेलं मुरवायचं, एवढाच त्याचा हेतू. झाडं लावलीही गेली. पण ज्या डोंगरात तोडलेल्या झाडांची मुळं जिवंत आहेत, तिथं सर्वांत स्वस्त लागवड म्हणजे राखण. साग, धावडा, पळस, आपटा यांच्या खुंटांना पहिल्याच पावसाळ्यात फुटवे येतात. गुरं आणि कुऱ्हाड यांपासून ते वाचले तर चार-पाच वर्षांत माणसाच्या डोक्यावर जातात. रोपवाटिकेतून आणलेल्या रोपाला तेवढं अंग धरायला कितीतरी जास्त काळ आणि पाणी लागतं.

मधली वर्षं

बंदीनंतर सर्वांत आधी परत येतं ते गवत. चराई थांबलेल्या डोंगरावर पहिल्याच वर्षी गवत उठतं. मोकाट गुरं बांधायची आणि गवत कापून आणायचं, हा बदल दिसायला छोटा पण घरात मोठा. बायांचं काम वाढतं, गुरांची संख्या घटवावी लागते, शेणखत मात्र एका जागी मिळतं. चैत्राम पवार जल, जंगल, जमीन, जन आणि जनावर असे पाच ‘ज’ सांगतात. त्यांतला शेवटचा ‘ज’ भाषणात मागं राहतो, पण राखणीचं गणित त्याच्यापाशीच जुळतं किंवा फसतं. गोठ्यात चारा नसेल तर कितीही मोठा दंड ठेवा, गुरं रात्री डोंगरात सुटणारच.

दुसरी गोष्ट भाताची. बारीपाड्यानं चारसूत्री भात स्वीकारला. डॉ. नारायण सावंत या शास्त्रज्ञाची ही पद्धत: भाताचं तूस आणि पेंढा शेतात परत द्यायचा, गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला चिखलात गाडायचा, ठरलेल्या अंतरावर मोजकीच रोपं लावायची आणि युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या जुडग्यांच्या, मध्ये खोचायच्या. तिची खुबी अशी की विहीर भरायची वाट पाहावी लागत नाही. आहे त्याच पावसावर, आहे त्याच वाफ्यात, उत्पादन वाढतं. पुढं इंद्रायणीसारखा सुवासिक तांदूळ घेऊन तो चांगल्या भावानं विकता येऊ लागला. जंगलाशी वरवर काही संबंध नसलेली ही सुधारणा माझ्या मते राखणीला मिळालेला मोठा आधार आहे. घरात चार पोती भात जास्त आला की मोळी विकायची निकड तेवढी उतरते.

तिसरी गोष्ट, बंदी सरसकट नव्हती. पानं, फुलं, फळं, कंद गोळा करणं चालू राहिलं. मोहाची फुलं वेचणंही. इथं एक आडवळण घेतो, कारण मोहाची दुखरी बाजू दारूच्या गोंधळात झाकली जाते. पडलेली फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची चाल सातपुड्यापासून विदर्भापर्यंत आहे. ती आग पुष्कळदा पसरते आणि मार्च-एप्रिलचे वणवे लागतात. लहान रोपं, सरडे, जमिनीवर घरटी करणारे पक्षी, सगळं त्यात जातं. उपाय साधा आहे: झाडाखाली जुनं जाळं किंवा साडी बांधायची. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा येतो. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहाची फुलं गोळा करण्यावरचे, बाळगण्यावरचे आणि वाहतुकीवरचे निर्बंध उठवले. त्यानंतर फुलांचे लाडू, मनुके, सरबत अशी उत्पादनं निघू लागली. दारूखेरीज मोहाला गिऱ्हाईक मिळणं ही खरी पर्यायी उपजीविका आहे, कारण ती झाड उभं असेपर्यंतच चालते. धडगाव-मोलगीकडच्या आमचुराचंही असंच. आंब्याचं झाड तोडून लाकूड एकदाच विकता येतं, कैऱ्या सुकवून आमचूर दरसाल.

या सगळ्यातून मधली वर्षं पार पडली, पण सगळ्यांची सारखी पार पडली असं समजू नये. ज्याच्याकडं भाताचा वाफा होता त्याला चारसूत्रीनं हात दिला. ज्याच्याकडं जमीन नाही आणि भट्टी हाच धंदा, त्याच्यासाठी बंदीचा पहिला अर्थ भूक असाच होतो. कुठल्याही गावात दारूबंदीला सर्वांत चिवट विरोध याच घरांतून येतो आणि त्याला ‘व्यसनी लोकांचा विरोध’ म्हणून मोडीत काढणं अन्यायाचं आहे. खान्देशात अशी कामं करणाऱ्या संस्थांना माझं सांगणं असं की भट्टीवाल्या घरांची यादी आधी करा, बचतगट नंतर काढा. चर खणायची मजुरी पहिल्यांदा त्या घरांना, राखणदाराचं मानधनही शक्यतो त्यांतल्याच कुणाला. डोंगराच्या चोरवाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक असतात?

वनभाज्यांची स्पर्धा

२००४ पासून बारीपाड्यात वनभाज्यांची पाककला स्पर्धा भरते. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठात संशोधन करणारे शैलेश शुक्ल यांचा तिच्यामागं हात होता. बाया रानातली भाजी शिजवून आणतात, मांडतात, बघायला बाहेरगावाहून माणसं येतात आणि आता तर तो उत्सवच झाला आहे.

रानभाजी म्हणजे नुसता पाला नव्हे, तिच्यामागं पाकज्ञान असतं. टाकळा, कुड्याची फुलं, बांबूचे कोंब सोपे. कर्टुली सगळ्यांनाच माहीत. पण तेरा (रानअळू) खाजरा, तो आंबट घालून शिजवला नाही तर घशाला कात्री लागते. कडूकंद तर उकडून, काप करून, वाहत्या पाण्यात धुऊन कडूपणा घालवल्याशिवाय तोंडात घालता येत नाही. कोणता कंद विषारी, कोणता दुष्काळात तारणारा, कधी खणायचा, किती मागं ठेवायचा, हे सासूकडून सुनेकडं जाणारं शास्त्र आहे. रानातली वनस्पती शाबूत राहिली आणि हे ज्ञान गेलं, तर ती वनस्पती गावाच्या लेखी तण होते. तण कुणी राखत नाही. म्हणून मला स्पर्धेचं मोल विक्रीपेक्षा इथं जास्त वाटतं: ज्या बायकांना ग्रामसभेत मागं बसवलं जायचं, त्यांचं ज्ञान व्यासपीठावर आलं.

धास्ती आहे ती पुढच्या पायरीची. शहरात रानभाज्यांची हौस वाढते आहे. नाशिक-धुळ्याच्या बाजारात पावसाळ्यात कर्टुल्यांना मिळणारा भाव बघितला तर कुणालाही मोह होईल. पानं, फुलं, फळं खुडली तर वेल पुढच्या वर्षी येतोच. कंद खणला की वेल संपला. कोंब सगळे काढले की बांबूचं बेट म्हातारं होत जातं. जैवविविधता कायदा २००२ नुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि लोकजैवविविधता नोंदवहीही. त्या वहीत ‘कोणती भाजी मिळते’ एवढंच लिहून भागणार नाही. कोणती विकायची नाही, हे गावानंच ठरवून तिथं लिहायला हवं.

हिरवं दिसणं आणि जैवविविधता

हा भाग यशोगाथांतून हटकून सुटतो, म्हणून थोडा थांबतो. डोंगर हिरवा झाला म्हणजे जीवसृष्टी परतली, असं आपण धरून चालतो. खान्देशापाशीच याला तपासून पाहायला चांगलं उदाहरण आहे. रानपिंगळा हे छोटं घुबड पक्षीशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये शास्त्राला सांगितलं. १८८४ नंतर ते कुणाला खात्रीनं दिसलं नाही, नामशेषच झालं असं वाटत होतं. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट या पक्षी-अभ्यासकांना ते शहाद्याजवळच्या जंगलात दिसलं, ११३ वर्षांनंतर. नंतर तोरणमाळ, यावल आणि मेळघाटातही त्याच्या नोंदी झाल्या.

या पिंगळ्याला घनदाट जंगल नको असतं. त्याला लागतो विरळ, कोरडा सागाचा पट्टा, जमिनीवर सरडे-उंदीर पकडायला मोकळी जागा आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. आता राखणीचा एक नेहमीचा नियम आठवा: हिरवं झाड तोडायचं नाही, वाळलेलं लाकूड न्यायला हरकत नाही. माणसाच्या बाजूनं तो नियम समंजस आहे. पण वठलेलं, पोखरलेलं झाड म्हणजे पिंगळा, पोपट, सुतार आणि वटवाघळांचं घर. सगळं वाळकं लाकूड दरवर्षी डोंगरातून बाहेर गेलं तर जंगल हिरवं दिसतं आणि ढोल्या मात्र संपतात. एकरी चार-दोन वठलेली झाडं उभी ठेवायची, एवढी पुरवणी कुठल्याही गावाच्या नियमात सहज बसेल. सरपणाची निकड गॅसनं थोडी कमी केली आहे, त्यामुळं आता ते शक्यही आहे.

शेजार

एका गावानं जंगल राखलं की कुऱ्हाड म्यान होत नाही, ती शेजारच्या शिवारात जाते. राखणाऱ्या गावाची माणसंही सरपणाला पलीकडच्या डोंगरात जातात आणि पलीकडची माणसं इथल्या वाढलेल्या सागावर डोळा ठेवतात. सुरुवातीची भांडणं अशीच होतात. बारीपाड्याचं काम टिकलं त्यामागं हेही आहे की ते एका पाड्यापुरतं राहिलं नाही. आसपासच्या गावांत, पुढं नंदुरबारकडं आणि डांगकडं चैत्राम पवारांनी आणि आश्रमानं तेच काम नेलं. शेजाऱ्याकडंही समिती असेल तर दंड दोन्ही बाजूंनी वसूल होतो.

२००६ च्या वनहक्क कायद्यानं यात एक मोठी गोष्ट आणली. संयुक्त वन व्यवस्थापनात समिती वनखात्याच्या मर्जीवर होती, सामूहिक वनहक्कात ग्रामसभेला आपलं जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा अधिकार कायद्यानं मिळतो. मर्जी अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बदलते, हक्क बदलत नाही. सातपुड्यात आणि साक्री-नवापूर पट्ट्यात ज्या गावांना असा हक्क मिळाला, त्यांनी त्या आधारावर व्यवस्थापनाचा आराखडा करणं हे आजचं काम आहे. आराखड्यात उपजीविकेचा भाग सहसा कुणीतरी बाहेरचा लिहून देतो आणि तो शेजारच्या गावाच्या आराखड्याशी शब्दशः जुळतो. तेवढं टाळलं तरी खूप.

पाणी कुणाचं

शेवटी विहिरींकडं. बारीपाड्यात जंगलामुळं पाणी आलं आणि पाण्यामुळं शेती उभी राहिली. पर्यायी उपजीविका म्हणून जे शोधलं जातं ते इथं जमिनीखालून आलं. मधपेट्या, कुक्कुटपालन, हस्तकला यांपैकी कशानंही एवढं काम एकट्यानं केलं नसतं. तीन वर्षांचा प्रकल्प घेऊन येणारे हे लक्षात घेत नाहीत, कारण तिसऱ्या वर्षी अहवालात दाखवायला कोंबड्या मोजता येतात, मुरलेलं पाणी मोजता येत नाही.

पण जंगल सगळ्यांचं आणि विहीर ज्याच्या शेतात त्याची. राखणीला घरटी माणूस सारखाच जातो, पाणी मात्र जमिनीच्या मापानं मिळतं. भूमिहीन घराला त्यातून शेतमजुरी मिळते, ऊसतोडीला जायची वेळ टळते, रानभाजी आणि मोह मिळतो. हे थोडं नाही, तरी सारखंही नाही. पाणी दिसू लागलं की कांदा येतो, भाजीपाला येतो, मोटारी येतात, आणि कुणीतरी बोअर मारण्याचा विचार करतो.

पांझरेवरच्या फडांचं काय झालं ते इथं आठवतं. त्यांचे नियम वाईट नव्हते. वर धरणं झाली, पाटातला प्रवाह आटला, काठावरच्या शेतात विहिरी आणि मोटारी आल्या. स्वतःची विहीर झालेल्या शेतकऱ्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही आणि पाट साफ करायला येणारे हात कमी होत गेले. बारीपाड्यानं झाडाला दंड ठरवला आहे. खोल बोअरबद्दल, जास्त पाणी खाणाऱ्या पिकाबद्दल आणि ज्या घराकडं जमीन नाही त्याला राखणीच्या बदल्यात काय द्यायचं याबद्दल तसाच ठराव अशा प्रत्येक गावाच्या ग्रामसभेपुढं यायला हवा, विहिरी अजून भरलेल्या आहेत तोवरच.